मगदूम सरांचा पायलट

मगदूम सरांच्या न्हाणीघरातली ज्योत विझली, ही बातमी सर तोंड धुवायच्या आत गल्लीभर झाली होती. आता ज्योतच ती, विझली तर विझली. पण ती मगदूम सरांची ज्योत होती, हे ध्यानात घ्या. ज्या माणसानं निम्म्या निपाणीला 'ज्योतीचे भाग' शिकवले, आणि जे शिकले नाहीत त्यांना बाकावर उभं केलं, त्याच्याच घरात बोटाच्या पेराएवढी ज्योत टिकू नये? गल्लीला एवढं पुरे झालं.

ज्योत होती गीझरची. गॅसवरचा, जुन्या पद्धतीचा, लोखंडी, उचलायला दोन माणसं लागतील असा. संकेश्वरकडच्या एका गेस्ट हाऊसचं सामान लिलावात निघालं, तिथं सरांचं मन त्याच्यावर बसलं. हल्लीचे गीझर नळ सोडला की आपली आपण ठिणगी टाकतात. ह्याचं तसं नाही. ह्याच्या पोटात एक बारकी निळी ज्योत कायम जळत राहते, तिला म्हणायचं पायलट. नळ सोडला की पायलटवरून मोठा बर्नर पेट घेतो आणि पाणी कढत येतं. पायलट विझला की गीझर म्हणजे भिंतीवर टांगलेलं ओझं.

हा सगळा खटाटोप आत्तीसाठी. धोंडूबाई, सरांच्या वडिलांची बहीण. सरांची आई लवकर गेली, आत्ती विधवा होऊन माहेरी आली, आणि पोर पदरात घेऊन तिनं त्याचा मास्तर केला. आता आत्तीनं ऐंशी ओलांडली होती. उजाडायच्या आत अंघोळ करायची आणि अनवाणी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला जायचं, हा तिचा नेम. अंघोळीशिवाय स्वयंपाकघरात पाऊल नाही, मग ते तिचं असो की आणखी कुणाचं. दिवस मावळल्यावर तोंडात पाण्याचा थेंब नाही. गेल्या थंडीत छातीत कफ दाटला आणि तिला बेळगावला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं, गार पाण्याची अंघोळ बंद, परत छाती भरली तर आमच्याही हातात काही राहणार नाही. आत्तीनं सगळ्याला मान डोलावली, घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गार पाण्याचे तांबे ओतून बस्तीत गेली.

बंब पेटवावा, तर लाकडात किडामुंगी असते म्हणून आत्तीनं बंब कधीच मोडीत काढलेला. विजेचा गीझर लावावा, तर पहाटे नेमकी लाईट जाते. सरांची बायको अनुराधा म्हणाली, मी उठून पाणी तापवत जाईन. त्यावर आत्ती म्हणाली, "दिवसभर बँकेत मान मोडून येतीस तू. माझ्यापायी झोपमोड केलीस तर मी जेवणारच न्हाय, सांगून ठिवते." आणि आत्ती जेवणार नाही म्हणाली की खरंच जेवत नाही. उपासाच्या बाबतीत तिचा नाद कुणी करू नये. राहता राहिले सर. पण सरांच्या उठण्याविषयी घरात कुणी विषय काढत नसे. रिटायर झाल्यापासून ऊन पायावर आल्याशिवाय त्यांचा डोळा उघडत नसे, आणि घरानं ते सोडून दिलं होतं.

तर दिवाळीच्या तोंडावर गीझर आला. स्वयंपाकघरातल्याच सिलिंडरवरून परसातल्या न्हाणीपर्यंत नळी ओढली, आणि दिवेलागणीच्या सुमाराला गल्ली जमवून सरांनी पायलट पेटवला. सर माणसं जमलेली बघून गप्प राहणाऱ्यांतले नव्हते. "हे बटन दाबून धरायचं," सर म्हणाले, "काडी लावायची, आणि लगेच सोडायचं नाही. ही तांब्याची काडी आहे ना, हिचं नाव थर्मोकपल. ही तापली की गॅसचं दार उघडं राहतं. ज्योत विझली की ही थंड होते, आणि दार बंद. म्हणजे धोका शून्य!"

शेजारचे अप्पासाहेब बस डेपोतून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी वाकून बघितलं. "म्हंजे ही रातभर जळत ऱ्हाणार?"

"रात्रंदिवस! अखंड! माझ्या आत्तीसाठी हो!" असं म्हणून सरांनी दाराकडं हात केला. दारात आत्ती उभी होती. तिनं त्या ज्योतीकडं बघितलं, तोंडाला पदर लावला आणि आत गेली. म्हातारी गहिवरली, असं सरांनी धरून चाललं.

पहिल्या पहाटे आत्तीनं कढत पाण्यानं अंघोळ केली. सर उठल्यावर त्यांना हे कळलं आणि त्या दिवशी त्यांनी कॉलर ताठ करून गावभर हिंडून घेतलं. दुसऱ्या पहाटे पायलट विझलेला. आत्ती गार पाण्यानं न्हाऊन बस्तीत जाऊन आली होती आणि मधूनच खोकत होती. सरांनी काडी लावली, एका काडीत पेटला. दिवसभर शहाण्यासारखा जळला. तिसऱ्या पहाटे परत विझलेला.

आता ह्या दुखण्याची एक तऱ्हा होती. सर संध्याकाळी फिरायला जातात, असं त्यांच्या घरात म्हणायची पद्धत आहे. खरं म्हणजे घरातली जेवणं दिवस मावळायच्या आत उरकतात, आणि सरांचं पोट काही घराण्याइतकं धर्मनिष्ठ नाही. तेव्हा ते स्टँडकडच्या मंगलच्या गाडीवर कांदाभजी खायला जात. आता कांदा, तोही दिवस मावळल्यावर! आत्तीला कळलं असतं तर... पण ते राहू द्या. सर भजी खाऊन आले की न्हाणीत डोकावत, तेव्हाच पायलट विझलेला असे. आणि रात्री काही केल्या पेटत नसे. काड्यांची पेटी संपली तरी नाही. सकाळी मात्र एका काडीत. रात्री रुसायचं आणि सकाळी हसायचं, असलं यंत्र सरांच्या शास्त्रात बसत नव्हतं.

मग गल्ली कामाला लागली. निपाणीत सल्ला मागावा लागत नाही, तो दार ढकलून घरात येतो. अप्पासाहेब म्हणाले, "सर, पाईपात एअर धरलीया. माझ्या सर्व्हिसमधी असल्या शंभर गाड्या बघितल्यात." असं म्हणून त्यांनी नळी काढली, तोंडात धरली आणि डिझेलच्या पाईपात मारावी तशी जोरात फुंकर मारली. सिलिंडर बंद होता म्हणून बरं. तरी नळीतला उरलासुरला गॅस नाकात गेल्यासारखे अप्पासाहेब दिवसभर जरा हलक्या अंगानं वागत होते.

समोरच्या इंदुताई म्हणाल्या, "नजर लागली, दुसरं काय! एवढी माणसं बोलवून कुणी इस्तू दावतं व्हय?" त्यांनी कुणाला न विचारता लिंबू आणि सात हिरव्या मिरच्या ओवून गीझरच्या धुराड्याला बांधल्या. इकडं सरांनी प्रयोग म्हणून नळ सोडला. मोठा बर्नर भडकला, आणि मिरच्यांना जी काय धग लागली! सगळी गल्ली नाकाला फडकं लावून रस्त्यावर आली. परसातली मांजर त्या दिवशी गेली ती दोन गल्ल्या सोडून राहायला लागली. इंदुताई डोळे पुसत म्हणाल्या, "बघा, केवढी नजर हुती!"

मग मात्र सरांनी सगळ्यांना बाहेर घालवलं आणि गीझर स्वतः उघडला. पायलटच्या नळीच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं होतं, आणि जाळ्यात कोळी. सर आनंदानं ओरडले, "सापडलं! कारण सापडलं!" ती त्यांची चूक झाली, कारण ओरडण्यानं आत्ती आली.

"हालू नगंस," आत्ती म्हणाली. "फडकं ठेव खाली. तुझा हात जड हाय."

कोळ्याला कागदावर घ्यायचं होतं. कोळ्याला कागद पसंत नव्हता. तो पाईपातून वर गेला, मग मागं गेला, मग सरांच्या बाहीवर आला, आणि सर जागच्या जागी थिजून उभे राहिले. आत्तीनं लहान लेकराशी बोलावं तसं त्याच्याशी बोलत बोलत त्याला पोस्टकार्डावर घेतलं आणि परसातल्या तगरीवर सोडलं. मग सरांना म्हणाली, "त्याचं घर मोडलंस. आता तगरीला दोन दिवस पाणी मारू नगंस, नवीन बांधू दे त्याला." विज्ञानाचा निवृत्त शिक्षक मुकाट्यानं व्हय म्हणाला. नळी स्वच्छ झाली, पायलट खणखणीत पेटला, सर मंगलच्या गाडीवर जाऊन दुप्पट भजी खाऊन आले. पायलट विझलेला होता.

आत्तीचा खोकला वाढत चालला होता. पहाटे अंथरुणातून तो सरांना ऐकू यायचा. आधी तांब्याचा आवाज, मग पाणी पडल्याचा, मग खोकला. सर कूस बदलायचे. डॉक्टरांचं बोलणं आठवायचं आणि झोप लागायची नाही. झोप न लागणं ही सरांच्या आयुष्यात मोठीच घटना होती.

शेवटी सरांनी मानापमान गिळला आणि गॅस एजन्सीत गेले. काउंटरवर कुमार बसला होता, सरांचाच विद्यार्थी. त्यानं सगळं ऐकून घेतलं, कन्नडमधला एक अर्ज पुढं केला, आणि फार नम्रपणे म्हणाला, "सर, ज्योतीचं भाग मला तवाबी आलं न्हाईत, आता कुठलं येणार? आम्ही फक्त शेगडी बघतो. गीझर कंपनीचा. दुसरा सिलिंडर पायजे असंल तर अर्ज द्या. फुडं काय हुतंय बघू." शाळेत सर त्याला बाकावर उभं करायला विसरले नव्हते, आणि तोही उभा राहिलेला विसरला नव्हता.

कंपनीला फोन लावला. फोन कोल्हापूरला लागला. ते म्हणाले, निपाणी कर्नाटकात, बेळगावला विचारा. बेळगाव म्हणालं, तुम्हाला तर कोल्हापूरच जवळ पडतं की, तिकडं विचारा. इकडचा म्हणे तिकडचा आणि तिकडचा म्हणे इकडचा. हे निपाणीकराला नवीन नाही, पण आजवर हा वाद माणसांपुरता होता, गीझरपर्यंत आला नव्हता. शेवटी कोल्हापूरच्या भरमू नावाच्या मेकॅनिकला सरांची दया आली. "सर, तुमच्याकडं आलो तर साहेब म्हणतोय, आपली हद्द न्हाय. मी नाक्यापतोर येतो. तुम्ही गीझर घिऊन कोगनोळीच्या फुडं या."

गीझर भिंतीवरून उतरवला. अप्पासाहेबांनी टेम्पो मिळवला आणि स्वतः पुढं बसले. मागं गीझर, आणि गीझरला धरून सर. कोगनोळीच्या सीमानाक्यावर कर्नाटकच्या पोलिसानं थांबवलं. "एन इदु?"

"गीझर."

"मनेगा?"

"हौदु, मनेगे," सर म्हणाले. घरचाच आहे म्हटल्यावर पोलीस मवाळ झाला. काय बिघडलंय ते त्यानं नीट विचारून घेतलं, आणि आपल्या सासऱ्याकडं असाच होता, वॉशर बदला, असा सल्ला कन्नडमध्ये देऊन टेम्पो सोडला.

नाक्यापुढं चहाच्या टपरीवर भरमू वाट बघत होता. गीझर बाकड्यावर उभा केला, चहावाल्याच्या सिलिंडरला जोडला आणि भरमूनं काडी लावली. पायलट पेटला. शेजारून उसाचे ट्रॅक्टर, कंटेनर धडधडत चालले होते, धूळ उडत होती, फडकी उडत होती, आणि ती निळी ज्योत जागची हलत नव्हती. भरमूचे दोन चहा झाले. अप्पासाहेबांची 'एअर' झाली, सगळी हकीगत झाली. दिवस मावळला, टपरीवर बल्ब लागला, हिरवे तुडतुडे जमून बल्बवर आणि गीझरच्या उजेडावर आपटायला लागले, चहावाला त्यांना फडक्यानं झटकत होता. ज्योत तशीच.

भरमूनं हात पुसले. "सर, राग मानू नका. ह्याला काय झाल्यालं न्हाय. झालंय ते तुमच्या घराला."

परतीच्या वाटेवरही सर गीझरला धरून बसले होते. जी ज्योत हायवेच्या वाऱ्यात टिकते ती माझ्याच घरात का टिकत नाही, हा सवाल त्यांना जिव्हारी लागला होता.

दुसऱ्या दिवशी गीझर परत भिंतीवर चढला. संध्याकाळी सरांनी भजी सोडली. पालथ्या बादलीवर बसले आणि पायलटवर डोळा रोखला. परसात सावल्या लांबल्या, बस्तीतली घंटा झाली. ज्योत ठीक. सूर्य अप्पासाहेबांच्या गच्चीआड गेला. ज्योत बारीक झाली, निळीची पिवळी झाली, एकदा थरथरली आणि गेली. वारा नाही, कोळी नाही. सर उठले आणि नळीचा माग काढत धावले. न्हाणीतून परस, परसातून खिडकी, खिडकीतून स्वयंपाकघर. नळी जिथं संपत होती तिथं आत्ती वाकली होती. रेग्युलेटरवर तिचा हात होता आणि ओठांत णमोकार मंत्र चालू होता.

सर उंबऱ्यातच उभे राहिले. दिवस मावळताना आत्ती पूर्वी चूल, आता गॅस बंद करते, ही गोष्ट त्यांना चड्डीत होते तेव्हापासून ठाऊक होती. स्वयंपाक संपला, चूल बंद. सकाळी न्हाऊन आल्यावर पुन्हा चालू. सूर्य उगवतो-मावळतो तसं ते होत आलेलं, त्याच्याकडं बघायचं काय! आणि गेली कित्येक वर्षं नेमक्या त्या वेळेला सर मंगलच्या गाडीवर उभे होते.

"आत्ती," सर म्हणाले, "अगं, हे बंद केलंस की माझा पायलट विझतोय."

"ठावं हाय मला," आत्ती म्हणाली.

सरांना बसायला पाट सापडेना.

आत्तीनं पदराची गाठ सोडावी तशी सावकाश बोलायला सुरुवात केली. "त्या पयल्या दिवशी माणसं बसलीती, गॅस बंद करायचा ऱ्हाऊन गेला. पहाटं न्हाणीत गेले तर खाली हिरवा सडा पडल्याला. तुडतुडं, पाखरं. पंख जळल्याली. काही जित्ती हुती अजून. मी त्या ऊन पाण्यानं न्हाले, पर माझ्या जिवाला ते पाणी लई भाजलं रं. माझी हाडं ऊबंत ऱ्हावीत म्हणून त्यांनी रातभर जळावं व्हय? म्हणून दुसऱ्या दिवसापास्नं ध्यान ठिवून बंद करते."

"मग मला सांगायचं न्हाईस?"

"तू गावाला सांगत हुतास, माझ्या आत्तीसाठी आणलंय म्हणून. तुझं त्वांड बघितलं त्या दिवशी. तू पयल्यांदा शाळंत नंबर काढून आलतास तवा असंच दिसत हुतं. त्या तोंडाला मी नगं म्हणू? त्यापरीस गार पाणी बरं." एवढं बोलून तिला खोकल्याची उबळ आली.

सरांनी तिची पाठ चोळली. चोळता चोळता त्यांना हसू येत होतं. एवढीशी म्हातारी, छाती भरलेली, आणि हिनं तुडतुड्यांचाही जीव सांभाळला आणि पुतण्याचा मानही सांभाळला. स्वतःचा तेवढा सांभाळायचा राहिला. अशा बाईनं आपल्याला वाढवलं, ह्याचा सरांना त्या घटकेला इतका अभिमान वाटला की ज्योतीचे सगळे भाग ते विसरले.

मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. "आत्ती, असं करू. पायलट मी संध्याकाळी बंद करतो. तू रेग्युलेटर तेवढा चालू ठेव. पहाटे न्हाणीत जाऊन मी नुसती काडी लावीन."

"चुलीचं त्वांड उघडं ठिवून निजायचं? तुझ्या आज्जीपास्नं ह्या घरात झालं न्हाय."

"मग पहाटे येऊन मी रेग्युलेटर चालू करीन."

"पारुशा अंगानं सैपाकघरात?" आत्तीनं नुसतं बघितलं. तो मार्गही बंद झाला. दुसऱ्या सिलिंडरचा अर्ज कुमारकडं दिला होता, तो अजून पुढं 'होत' होता. सरांनी डोकं खाजवलं. सगळ्या बाजूंनी विचार केला तेव्हा एकच वाट उघडी दिसली, आणि ती बघून त्यांच्या अंगावर आधीच काटा आला.

दुसऱ्या दिवशी, कोंबडा आरवायच्या आधी, परसातून 'अगं आई गंऽऽ' अशी किंकाळी उठली आणि अप्पासाहेबांनी घरातला दिवा लावला. चोर नव्हता. सरांनी पहिला तांब्या अंगावर घेतला होता. गार पाण्यानं न्हाऊन, ओल्या पंच्यानं, दात वाजवत, पण शुद्ध होऊन मगदूम सर स्वयंपाकघरात शिरले. रेग्युलेटर फिरवला, न्हाणीत आले, तिसऱ्या काडीला पायलट पेटवला आणि बटन दाबून उभे राहिले. आत्ती आली तेव्हा ते दाराबाहेर अंग चोळत होते. आतून नळ सुटल्याचा आवाज आला, बर्नर 'भप्प' करून पेटला, आणि वाफेबरोबर आत्तीची हाक बाहेर आली, "पद्मू, कढत हाय रं!"

तेव्हापासून रोज असंच चाललं आहे. आत्तीचा खोकला ओसरला. दिवस मावळताना ती रेग्युलेटर बंद करते, आणि सर त्या वेळेला घरी असतात. एकदा अप्पासाहेबांनी भर गल्लीत विचारलं, "काय सर, टिकतोय का तुमचा पायलट?" इंदुताई थांबल्या, रस्त्यानं चाललेला कुमारही सायकलवरून उतरला. आत्ती बस्तीतून येत होती, ती खाली बघून उभी राहिली.

सरांनी गल्लीकडं बघितलं, मग आत्तीकडं. "न्हाय बा," ते म्हणाले. "काय केल्या टिकत न्हाय. रोज पेटवायला लागतोय."

"सायन्स मास्तर!" कुणीतरी म्हणालं, आणि गल्ली पोटभर हसली. सरही हसले.

दुसऱ्या पहाटे आत्ती न्हाणीतून बाहेर आली, तेव्हा सर दाराशी हुडहुडत उभे होते. ती म्हणाली, "मी आज दोन तांबंच घेतलं. बादली भरून ऊन पाणी ठिवलंय आत. जा, वत अंगावर."

"अगं, माझी अंघोळ झाली की."

"गार पाण्याची ती. ती माझ्यापायी केलीस," आत्ती म्हणाली. "ही तुझी."

सर मुकाट्यानं आत गेले आणि दुसऱ्यांदा अंघोळीला बसले.